बायजीचे चारशे शहाण्णव डाव

तलासरीत धनेश वरठांसमोर हल्ली कोणी ‘फॉरमॅट’ हा शब्द काढत नाही. काढला तर त्याची खैर नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला, हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोचलेला, ज्याला अख्खा तालुका ‘भाऊसाहेब’ म्हणतो असा माणूस. त्याला एकाच आठवड्यात सात जणांनी हा एकच शब्द ऐकवला, मग डोकं फिरणार नाही तर काय होईल?

झालं असं, की सोमवारी बायजीचा कॉम्प्युटर बंद पडला.

हो, बायजीचाच. घर भाऊसाहेबांचं, टेबल भाऊसाहेबांचं, बिलसुद्धा भाऊसाहेबांच्या नावाचं, पण त्या कॉम्प्युटरला हात लावायची भाऊसाहेबांची छाती नव्हती. बायजी म्हणजे भाऊसाहेबांची आई. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर उधव्याचं, शिक्षण दीड वर्ष. गुडघ्यांनी दगा दिला तसं तिचं अंगणात उतरणं थांबलं, आणि दिवसभर घरात बसून ती सगळ्यांच्या चुका काढायला लागली. तेव्हा सूनबाई सुषमाने शहाणपणा केला. तिने सासूला कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. वर चार रिकामे खण, खाली सगळे बावन्न पत्ते उघडे मांडलेले. पत्ते खणांत सारत सारत चारही रंग क्रमाने लावून टाकायचे. बायजीला खेळ पसंत पडला.

पहिले काही महिने ती हरली. मग हरेनाशी झाली. त्या खेळात एक चौकट असते. किती डाव जिंकलात, किती हरलात, आत्ता सलग किती जिंकलात आणि आजवरची सगळ्यात लांब रांग किती, सगळं तिथे दिसतं. बायजीला अक्षरं जेमतेम लागत, पण आकडे पक्के लागत. एकदा ती चौकट बघत बसली होती, तेव्हा सुषमाला म्हणाली, “मी जन्मभर किती कामं केली गो. जिंकले पण असेन कुठं कुठं. कोणी लिवून ठेवलं नाही. यो ठेवतो.”

सुषमाने हातातल्या फडक्याने पडद्यावरची धूळ पुसून दिली. 

तर सलग चारशे शहाण्णव झाले होते. घोलवडला बायजीची मावसबहीण राहते, बुधीबाई. तिच्याही घरी हाच खेळ. दर रविवारी दोघींचा फोन, आणि फोनवर आधी आकडा, मग तब्येत. बुधीबाई तीनशे बारावर होती. बायजीने सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं की पाचशे पुरे झाले की उधव्याच्या पाड्याला कोंबडीचं जेवण घालेन. दिवसाला दोन डाव, म्हणजे बुधवारी पाचशे, म्हणजे जेवण रविवारी. निरोप गेले होते. टेम्पो ठरला होता. कोंबड्या सांगून झाल्या होत्या. आणि सोमवारी दुपारी, चारशे शहाण्णवावा डाव संपवून बायजीने कॉम्प्युटर बंद केला, तो संध्याकाळी चालूच होईना.

पहिला सल्ला शेजारच्या नविनभाईंचा. नविनभाईंचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना मत असतं. त्यांनी कॅबिनेटवर कान ठेवला, दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, “फॉरमॅट मारून टाका ने, धनेशभाई.”

“अहो, तो चालूच होत नाहीये. फॉरमॅट कशाला मारायचा?”

“ते चालू झाल्यावर मारायचा.”

भाऊसाहेबांनी समजावून सांगितलं. फॉरमॅट मारला की आतलं सगळं जाणार, खेळाची चौकट जाणार, आईचे चारशे शहाण्णव डाव जाणार. नविनभाईंनी मान डोलावली, विचार केला आणि म्हणाले, “मग नव्या मशीनमध्ये चारशे शहाण्णव लिहून टाका. आकडाच आहे ने!”

हे बायजीने आतून ऐकलं. “न खेळता लिवायचं?” ती एवढ्या जोरात म्हणाली की नविनभाईंना दुकानात गिऱ्हाईक आल्याची आठवण झाली. भाऊसाहेबांना त्या क्षणी आईचा फार अभिमान वाटला. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही नोंद खोटी केली नव्हती.

मंगळवारी तलासरीतले तीन मेकॅनिक बघून गेले. तिघेही तो शब्द उच्चारून गेले. कचेरीत शिपायाने उच्चारला. कृषी विभागाच्या माणसाने तर कोणी न विचारता जिन्यात थांबून उच्चारला. बुधवारी भाऊसाहेबांनी रजेचा रीतसर अर्ज टाकला, कारण ‘घरगुती तातडीचे काम’ असं लिहिलं, कॅबिनेट गोधडीत गुंडाळून स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभं केलं आणि डहाणू गाठलं.

डहाणू रोडला स्टेशनबाहेर सुनिलचं रिपेअरिंगचं दुकान आहे. सुनिल माणूस शांत, चाळिशीचा, बोलणं मोजकं. त्याने चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आत बघितलं आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही बघायला बोलावलं.

“भाऊसाहेब, तुम्ही यात चिकू पिकवता का?”

आत मुंग्यांची वस्ती होती. पंख्याच्या जाळीवर चिकूची साल वाळून चिकटली होती, बोर्डावर तपकिरी चीक ओघळून दगडासारखा घट्ट झाला होता, आणि मधोमध एक काळी कुळकुळीत चिकूची बी होती.

“आमच्या घरात असले प्रकार होत नाहीत,” भाऊसाहेब म्हणाले. सगळं दुकान हसलं. भाऊसाहेब बाहेर आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

“कॉम्प्युटरच्या मागे चिकू कोण ठेवतं?”

“आई ठेवतात,” सुषमा म्हणाली. “मागून गरम वारा येतो ना, दोन दिवसांत पिकतात. घोलवडहून बुधीमावशींची पेटी आली की तिकडेच लावतात. वर पण ठेवतात, जाळीवर.”

“आणि हे मला कोणी सांगितलं नाही?”

“तुम्हीच तर खाता. परवा म्हणालात, यंदाचे चिकू काय गोड पिकलेत.”

आता आईवर ओरडता येत नाही, चिकूवर ओरडून उपयोग नाही, तेव्हा भाऊसाहेब सुषमावर ओरडले. तिने ऐकून घेतलं आणि येताना कोथिंबीर आणायला सांगितली. माणसाच्या संतापाला घरात काही किंमतच उरलेली नाही.

सुनिलचं निदान स्पष्ट होतं. मदरबोर्ड मेला. पण डिस्क ठणठणीत, म्हणजे आतलं सगळं शाबूत. “फॉरमॅट न मारता नवा बोर्ड बसवता येईल,” तो म्हणाला, आणि भाऊसाहेबांना त्याला मिठी मारावीशी वाटली. “फक्त बोर्ड याच जातीचा पाहिजे. तुमची विंडोज जुनी आहे. ती याच बोर्डाला ओळखते. आजकालचा बोर्ड लावला तर उभीच राहणार नाही.”

भाऊसाहेबांना हे लगेच पटलं. साहेबाची बदली होते, कचेरी तीच राहते, फायली त्याच राहतात. फक्त नवा साहेब त्याच खात्यातला हवा. यात न कळण्यासारखं काय आहे? मग त्या सहा जणांना का कळलं नाही?

आणि तिथेच त्यांना आठवलं की हाच कॉम्प्युटर, याच कंपनीचा, याच वर्षातला, त्यांच्या स्वतःच्या कचेरीतही घेतला होता. एक नाही, अकरा. आता ते रेकॉर्ड रूममध्ये एकावर एक रचून पडले होते.

गुरुवारी सकाळी भाऊसाहेब कुलूप उघडून त्या ढिगासमोर उभे राहिले. अकरा मशीनं, अकरा बोर्ड, एकाचाही चिकूशी संबंध नाही. ती मशीनं भंगारात काढून लिलाव करायचा प्रस्ताव कधीच झाला होता. लिलाव झाला असता तर रीतसर बोली लावून एक घेता आलं असतं. पण झाला का नव्हता? त्यांनी फाइल काढली. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी प्रस्तावावर शेरा मारला होता: ‘माउसची संख्या दहा दाखविली आहे. एक माउस कोठे आहे, याचा खुलासा करून प्रस्ताव फेरसादर करावा.’ खाली सही होती. सही वळणदार, ठसठशीत आणि त्यांचीच होती.

शिपाई म्हणाला, “भाऊसाहेब, एक बोर्ड काढून घ्या ना. कोणाला कळणार?”

“मला कळेल,” भाऊसाहेब गरजले आणि दार लावून घेतलं. मग दिवसभर ते तो अकरावा माउस शोधत होते. तो काही सापडला नाही. सापडला असता तरी पुढची मंजुरी यायला दीड वर्ष लागलं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

 घरी बायजी काळ्या पडद्यासमोर खुर्ची लावून नेहमीच्या वेळी बसायची आणि नेहमीच्या वेळी उठायची. तिचं ते बसणं भाऊसाहेबांना बघवेना. बुधीबाईचा रविवारऐवजी गुरुवारीच फोन आला. “काय गो, ऐकलं ते खरं काय?” बायजीने फोन सुषमाच्या हातात दिला.

शुक्रवारी आणखी एक रजेचा अर्ज, आणि भाऊसाहेब वापीला. जुन्या सामानाच्या बाजारात एका दुकानदाराने कांद्याच्या पोत्यातून सात बोर्ड ओतले. त्यात एक होता. कंपनी निराळी, पण जात तीच. सुनिलने फोनवर फोटो बघून हो म्हटलं.

“चालू आहे कशावरून?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“बंद असता तर ठेवला असता काय, साहेब?”

“याची पावती द्या.”

दुकानदाराने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी त्याची किडनी मागितली. बराच वेळ हुज्जत झाल्यावर त्याने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे ‘१ नग’ एवढं लिहून दिलं. ती पावती आजही भाऊसाहेबांच्या फायलीत आहे.

शनिवारी सकाळी डहाणूत बोर्ड बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, भाऊसाहेबांनी हात जोडले, आणि पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत काहीतरी भयंकर लिहून मशीन पुन्हा बंद. पुन्हा चालू, पुन्हा निळा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून बघितलं. “फॉरमॅट,” तो म्हणाला. हा सातवा. त्याला भाऊसाहेब जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

सुनिल मात्र शांत होता. “नवा बोर्ड डिस्कशी नव्या पद्धतीने बोलायला बघतोय. आपल्या विंडोजला जुनीच पद्धत माहीत आहे.” त्याने बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ बदलली. एकच ओळ! पडदा लागला. तेच पिवळ्या गुलाबाचं चित्र, तेच कोपऱ्यातले पत्ते. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुळीवर ढकललं.

“घरी नेऊन विंडोजच्या कंपनीला एक फोन करा,” सुनिल म्हणाला. “बोर्ड बदलला म्हणून विंडोजला वाटतंय की हा दुसराच कॉम्प्युटर आहे. पडद्यावर नंबर येईल. तो फोनवर दाबायचा, ते उलट नंबर देतील.”

तो नंबर चोपन्न आकड्यांचा होता. भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एकेक आकडा दाबायला घेतला. अठ्ठेचाळीस आकडे झाले. तेवढ्यात फोनने हद्दीपलीकडच्या गुजरातचा टॉवर पकडला, ‘गुजरातमध्ये आपले स्वागत आहे’ असा मेसेज टुणकन आला आणि फोन कट झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलासमोर, महाराष्ट्राच्या सेवेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं गुजरातमध्ये स्वागत! पुढच्या वेळी ते गच्चीवर जाऊन डहाणूच्या दिशेने तोंड करून उभे राहिले, आणि सुषमा जिन्यात उभी राहून आकडे ओरडून सांगू लागली. नविनभाई आपल्या गच्चीवरून बघत होते. त्यांच्या तोंडावर तो शब्द आला होता, पण त्यांनी गिळला.

चोपन्न आकडे झाल्यावर एक खराखुरा माणूस फोनवर आला. त्याने हिंदीत एकच प्रश्न विचारला: हे सॉफ्टवेअर किती कॉम्प्युटरवर आहे?

आता याचं उत्तर ‘एक’ असं आहे. पण अर्धवट माहिती देणं भाऊसाहेबांच्या रक्तात नाही. “त्याचं असं आहे,” त्यांनी सुरुवात केली, “मूळ कॉम्प्युटर एकच, परंतु त्यातील मदरबोर्ड चिकूमुळे निकामी झाल्याने दुसरा बसविण्यात आला असून, तांत्रिकदृष्ट्या पाहता हा पहिला की दुसरा याबाबत...” समोरचा माणूस म्हणाला, म्हणजे दोन? भाऊसाहेब म्हणाले, तसं नव्हे, पण तसं म्हणायचं झाल्यास... सुषमाने जिन्यातून वर येऊन फोन हिसकावला, “एक!” म्हणाली, आणि दोन मिनिटांत काम झालं.

शनिवार, दुपारचे चार. बायजी आत आडवी झाली होती. सुषमा कोंबडीवाल्याकडे गेली होती. भाऊसाहेब एकटेच पडद्यासमोर बसले. त्यांनी चौकट उघडली. सलग जिंकलेले: चारशे शहाण्णव. एकही इकडचा तिकडे नाही. अजून अख्खी संध्याकाळ होती. चार डाव आईला सहज जमले असते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. सात जण चुकीचे ठरले होते आणि एकटे धनेश वरठा बरोबर ठरले होते.

इथे थांबायला हवं होतं. पण काम झालं म्हणजे ते तपासून बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही एकतीस वर्षांची सवय. चौकट दिसते हे ठीक, पण खेळ चालतो का? आई बसली आणि पत्ता हललाच नाही तर? त्यांनी डाव मांडला. एक पत्ता वरच्या खणात सारला. हलला. आणखी एक सारला. तोही हलला. तपासणी पूर्ण झाली. त्यांनी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. इंग्रजीत एक प्रश्न आला: डाव सोडायचा का? सोडलात तर हरलात असं धरलं जाईल. भाऊसाहेबांनी प्रश्नाच्या सुरुवातीचे दोन शब्द वाचले आणि ‘हो’ वर दाबलं.

नंतर त्यांनी शेवटची खात्री म्हणून चौकट पुन्हा उघडली. सलग जिंकलेले: शून्य.

त्यांनी डोळे चोळले. चौकट बंद करून उघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शून्य. त्यांना पहिल्यांदा सुनिलचा राग आला, मग वापीच्या दुकानदाराचा, मग गुजरातच्या टॉवरचा. पण त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि हात त्यांचाच माउसवर होता.

“झाला काय रे?” मागून आवाज आला. बायजी भिंतीला धरून उभी होती. ती हळूहळू आली, खुर्चीत बसली, आकडा बघितला. 

“कोण खेळला?”

बोर्डाची गडबड असू शकते, असं वाक्य भाऊसाहेबांच्या तोंडात तयार होतं. “मी,” ते म्हणाले. “बघत होतो, चालतो का.”

“मग? चालतो?”

“चालतो.”

“दोन पत्ते हलवून उठलास?” आता मात्र बायजीचा पारा चढला. “अरे, हरलास ते हरलास, पण खेळून तरी हरायचास! बस इथं.” तिने तोच डाव परत मांडला आणि भाऊसाहेबांना शेजारी स्टुलावर बसवून एकेक पत्ता दाखवत सहा मिनिटांत जिंकला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भाऊसाहेबांनी मान खाली घालून सगळा धडा ऐकला. चौकटीत आकडा आला: एक.

“एक झाला,” बायजी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने लपवलं नाही. सुषमा आली तेव्हा तिने तिला सांगितलं, “जेवण उद्याच. माणसं बोलावली ती बोलावली. विचारलं तर सांग, चारशे शहाण्णव माझे, नि हार माझ्या पोऱ्याची. जेवण त्याच्याकडून.”

आणि हे सुषमाने सगळ्यांना सांगितलं. रविवारी टेम्पोतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी बायजीच्या पाया पडला आणि मग भाऊसाहेबांकडे बघून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. भाऊसाहेब बादली घेऊन वाढत होते, तर पंगतीत एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “यो काय तो?” दुसरा म्हणाला, “योच.” तालुक्यात ज्याच्या सहीशिवाय पान हलत नाही, त्याची ओळख आता ही.

बुधीबाई घोलवडहून खास आली होती. तिने भाऊसाहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बायजी, पोऱ्या तुझा गुणाचा हाय गो. पण दोन पत्त्यांत शून्य! मला जमलं नसतं.” सगळी पंगत हसली. नविनभाई तर ठसका लागेपर्यंत हसले.

“हसू नका!” बायजी खुर्चीतून कडाडली.  “आठ दिवस यो स्कूटरवर मशीन घेऊन फिरला. तुमच्यातलं कोण फिरलं? यानं नवा बोर्ड घातला म्हणून माझी खरी मशीन परत आली. आत जाऊन बघा, सगळ्यात लांब रांग, चारशे शहाण्णव, अजून लिवलेली हाय. नि यो नसता, तर ते शून्य पण दिसलं नसतं!”

हे कौतुक होतं की आणखी काही, हे भाऊसाहेबांना नीट ठरवता येईना. कचेरीत असते तर त्यांनी लेखी खुलासा मागवला असता. पण पंगत थांबली होती, बादलीतला रस्सा निवत होता आणि आई त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी घसा खाकरला.

“रस्सा कोणाला पाहिजे?” त्यांनी विचारलं, आणि ते पुढच्या पानाकडे वळले.